विश्लेषण : होमी भाभा आणि क्षणभर जगणारा म्युऑन

घनसावंगीत मोकळ्या मैदानात उभे राहून तळहात आभाळाकडे धरला, तर दर सेकंदाला साधारण एक म्युऑन त्यातून आरपार जातो. दिसत नाही, जाणवत नाही. मुंबईत तेच, जालन्यात तेच. हा कण जमिनीपासून सुमारे १५ किलोमीटर उंचीवर जन्मतो. त्याचे सरासरी आयुष्य एका सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातल्या २.२ तुकड्यांएवढे. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो, म्हणजे पायी सात-आठ मिनिटांचे अंतर. मग म्युऑन घनसावंगीपर्यंत पोहोचतोच कसा? या कोड्याची किल्ली १९३८ मध्ये २८ वर्षांच्या एका मुंबईकराने दाखवली होती. त्यांचे नाव होमी जहांगीर भाभा. अणुभट्टीमुळे ते घराघरात पोहोचले, हे काम मात्र मागे राहिले.

इंजिनीअर व्हायला गेलेला मुलगा भौतिकशास्त्राकडे कसा वळला?

भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत, सधन पारशी कुटुंबात झाला. आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. तेव्हा मुलाने केंब्रिजला जाऊन यंत्र अभियांत्रिकी शिकावी आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, हे घरात जणू ठरलेलेच होते. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. वर्षभरातच वडिलांना पत्र लिहून त्यांनी स्पष्ट सांगितले, की आपला जीव भौतिकशास्त्रात आहे, कारखाना चालवण्यात नाही. वडिलांनी नाही म्हटले नाही, पण अट घातली: आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग, मग हवे ते शिका. १९३० मध्ये भाभांनी तो वर्ग मिळवला आणि गणिताकडे वळले.

पुढे शिष्यवृत्तीवर ते झुरिकला वोल्फगांग पाउली आणि रोमला एन्रिको फर्मी यांच्याकडे राहिले. या दोन नावांकडे नीट पाहायला हवे. न्यूट्रिनो नावाचा जवळजवळ अदृश्य कण असला पाहिजे, हे पाउलींनी १९३० मध्ये सुचवले. त्याच्या आधारे दुर्बल आण्विक बलाचा पहिला सिद्धांत फर्मींनी १९३३-३४ मध्ये मांडला. हा विषय घडत होता, तेव्हा भाभा तो घडवणाऱ्यांच्या सहवासात होते.

म्युऑन मरतो कशामुळे?

निसर्गात चार मूलभूत बले आहेत. गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकीय बल आपल्या ओळखीचे. अणूचे केंद्रक बांधून ठेवते ते प्रबल बल. चौथे दुर्बल बल काही बांधत नाही, ते कणांची जात बदलते. सूर्यात प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो तो याच बलामुळे. ते नसते तर सूर्य असा तेवलाच नसता.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ म्हणावा असा. विद्युतभार तेवढाच, स्पिनही तेवढेच, वस्तुमान मात्र २०७ पट. दुर्बल बल त्याचे रूपांतर एक इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनोंमध्ये करते. हे बल वाहून नेणारा डब्ल्यू कण प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट जड असतो, म्हणून ही प्रक्रिया फार रेंगाळत होते. प्रबल बलाने मोडणारे कण इतक्या लवकर संपतात, की त्यांच्या हिशेबाने म्युऑन चिरंजीवच म्हणायचा. पण १५ किलोमीटरच्या प्रवासाला हे चिरंजीवपणही पुरत नाही. ढोबळ हिशेब केला, तर दहा अब्जांतला एखादाच म्युऑन खाली यायला हवा.

भाभांनी काय सांगितले?

वैश्विक किरणांमध्ये इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलका असा नवा कण असल्याचे अमेरिकेत १९३६-३७ मध्ये दिसले होते. भाभांनी १९३८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छोटे टिपण लिहिले. असा कण आपोआप मोडून इलेक्ट्रॉन व्हायला हवा, हा पहिला मुद्दा. दुसरा अधिक महत्त्वाचा: या कणाचे आयुष्य म्हणजे त्याचे स्वतःचे घड्याळ आहे. आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादानुसार वेगाने धावणारे घड्याळ आपल्याला सावकाश चालताना दिसते. म्हणजे कण जितका वेगवान, तितका तो आपल्या हिशेबाने जास्त जगणार.

प्रकाशाच्या ९९.९ टक्के वेगाने येणाऱ्या म्युऑनचे आयुष्य आपल्या घड्याळात सुमारे २२ पट लांबते. ६६० मीटरचे झाले साडेचौदा किलोमीटर! १९४१ मध्ये ब्रुनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात वेगवेगळ्या उंचीवर हे कण मोजले आणि वेगवान कण खरोखरच जास्त टिकतात, हे दाखवून दिले.

एक गंमत इथे सांगायला हवी. भाभांसह जवळपास सगळेच तेव्हा या कणाला जपानच्या हिदेकी युकावा यांनी भाकीत केलेला, प्रबल बल वाहणारा कण समजत होते. त्या कणाला मेसॉन म्हणावे, हेही भाभांनीच १९३९ मध्ये सुचवले. १९४७ मध्ये खरा युकावा कण, म्हणजे पायॉन, सापडला आणि म्युऑन मेसॉन नसल्याचे उघड झाले. ओळख चुकीची निघाली, घड्याळाचा तर्क टिकला.

मग संशोधन मागे का पडले?

१९३९ मध्ये भाभा सुट्टीवर मायदेशी आले होते. महायुद्ध सुरू झाले आणि परतीचा मार्ग बंद झाला. बंगळूरुला सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत ते वैश्विक किरणांवर काम करू लागले. १९४४ मध्ये त्यांनी मोजणीची उपकरणे अमेरिकी हवाई दलाच्या विमानातून सुमारे ३० हजार फुटांवर पाठवली. त्याच वर्षी मार्चमध्ये टाटा विश्वस्त निधीला पत्र गेले आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद आले, १९५६ मध्ये ट्रॉम्बेला ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. भाभांचे स्वतःचे शोधनिबंध मात्र विरळ होत गेले. हे नुकसान खरे होते. तिशीच्या आत असे काम करणारा माणूस पुढची वीस वर्षे फायली आणि बैठकांमध्ये गेला. पण त्याच्या संस्थेत इतरांना ते काम करता आले. दुर्बल बल डावे-उजवे असा भेद करते, हे कळल्यावर त्याचा नेमका साचा १९५७ मध्ये रॉबर्ट मार्शक यांच्यासह मांडणारे ई. सी. जी. सुदर्शन अमेरिकेला जाण्यापूर्वी याच संस्थेत संशोधक होते.

सोन्याच्या खाणीत काय सापडले?

म्युऑन जमिनीत किती खोल शिरतात हे पाहायला भाभांनी १९५१ मध्ये तरुण बी. व्ही. श्रीकांतन यांना कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत पाठवले. दोन किलोमीटरपेक्षा खोल गेल्यावर वरून येणारे म्युऑन जवळपास संपले. मग त्या शांततेत दुसरेच काही शोधता येईल, हे लक्षात आले. १९६५ मध्ये मुंबई, ओसाका आणि डरहॅमच्या गटाने तिथे वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल टिपली. न्यूट्रिनो खडकावर आदळून म्युऑन तयार करतो, तोही दुर्बल बलानेच. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत त्याच सुमारास दुसऱ्या गटाला हेच दिसले.

तो निबंध ऑगस्ट १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच महिन्यांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, व्हिएन्नाला बैठकीसाठी निघालेल्या भाभांचे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर कोसळले. विमानातले सर्व ११७ जण मरण पावले. घातपाताच्या कहाण्या मोबाइलवर अजून फिरतात. फ्रान्सच्या चौकशीत मात्र विमानाच्या स्थानाबाबत झालेला गैरसमज हे कारण नोंदले गेले.

कोलारची प्रयोगशाळा पुढे बंद झाली. उटीला टाटा संस्थेची म्युऑन दुर्बीण चालू आहे. ती दररोज सुमारे ४ अब्ज म्युऑन मोजते.