भूमिहीनांचे दादासाहेब आणि शहरात रमलेले आम्ही

कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या प्रतिमेला हार घालताना आम्ही शहरी, शिकलेली मंडळी काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवतो. त्यांचा जमिनीचा लढा मात्र सोयीस्करपणे विसरतो.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील आंबे या खेड्यातला. शिक्षण बेताचे, पण बाबासाहेबांचा विश्वास मोठा. 1930 साली सुरू झालेला काळाराम सत्याग्रह त्यांनी नेटाने चालविला. 1957 साली ते लोकसभेवर निवडून गेले.

तो काळ पंचवार्षिक योजनांचा होता. मुंबई-ठाण्यात कारखाने वाढत होते. आरक्षणामुळे आमच्यातील शिकलेल्यांना शहरात नोकऱ्या मिळू लागल्या होत्या. आणि खेड्यात? 1956 च्या धर्मांतरानंतर समाजाने गावकीची कामे सोडली, तसे बलुतेही तुटले. ज्याच्या शेतात मजुरी, त्याच्याच हाती बहिष्काराचे हत्यार! शहराची भरभराट आपल्या पायांनी वस्तीपर्यंत चालत येत नाही, हे दादासाहेबांनी ओळखले. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, या मागणीसाठी त्यांनी 1959 साली सत्याग्रह केला. 6 डिसेंबर 1964 पासून हा लढा देशभर पेटला. लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंग पत्करला.

मात्र त्याच वर्षांत रिपब्लिकन पक्ष दुभंगला. शहरातील काही वकील-पदवीधर पुढाऱ्यांना हा मार्ग कम्युनिस्टांचा वाटला, धोतरातला नेता कमी शिकलेला वाटला. आम्हीही वकीलच, म्हणून हे लिहिताना मान खाली जाते. 29 डिसेंबर 1971 रोजी दादासाहेब गेले. प्रश्न मात्र राहिला.

गायरानावरील भूमिहीनांची 14 एप्रिल 1990 पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय 28 नोव्हेंबर 1991 चा आहे. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्यास सांगितले. पण भूमिहीन मजुरांना व अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांसाठी अपवादही ठेवला. नोटीस हाती पडलेल्या गायरानधारकाला हा अपवाद कोण सांगणार? पीकपेरा, दंडाच्या पावत्या, पंचनामे कोण जुळवून देणार?

जयंतीची वर्गणी देऊन हे ऋण फिटत नाही. आम्ही वकिलांनी महिन्यातून एक दिवस तरी तहसील कचेरीत गायरानधारकाशेजारी उभे राहावे. दादासाहेबांना खरे अभिवादन तेच. जयभीम!