रुडॉल्फ डिझेल : धुरामागे झाकोळलेले स्वप्न

शहरातील बसगाडीमागून निघणाऱ्या काळ्या धुराला आणि तिच्या घरघराटाला ज्यांचे नाव चिकटले, त्या रुडॉल्फ डिझेल यांच्या स्मरणार्थच १० ऑगस्ट हा जागतिक जैवइंधन दिन पाळला जातो. वरवर विसंगत वाटणाऱ्या या गोष्टीचे मूळ त्यांच्या चरित्रात आहे.

१८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये एका बव्हेरियन कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे कुटुंबाला लंडन गाठावे लागले आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फची रवानगी आउग्सबुर्गला नातलगांकडे झाली. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे यांच्या हाताखाली शिकताना वाफेचे इंजिन कोळशातील बहुतांश उष्णता वाया घालवते, हे त्यांच्या मनाला लागून राहिले.

हवा प्रचंड दाबली की ती इतकी तापते की ठिणगीवाचूनही इंधन पेट घेते, या तत्त्वावर त्यांनी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या नमुन्यात स्फोट घडला आणि दाबमापक यंत्राच्या ठिकऱ्या उडाल्या. तरीही ते मागे हटले नाहीत. १८९७ च्या चाचणीत त्यांच्या इंजिनाने इंधनातील २६ टक्क्यांहून अधिक उष्णता कामी आणली.

ते पहिले इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालले, ही समजूत खरी नाही. तो प्रयोग १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातला. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतील वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगातून तेथेच ऊर्जा हवी होती. खनिज तेलासाठी घडवलेले एक छोटे इंजिन कोणताही बदल न करता या तेलावर इतके सुरळीत चालले, की फारच थोड्या प्रेक्षकांना फरक कळला. डिझेल यांनी पुढे स्वतः प्रयोग करून पाहिले आणि १९१२ मध्ये वनस्पतितेलांना एक दिवस मोठे महत्त्व येईल, असे भाकीत केले.

ते दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. कर्जाने ते पुरते वेढले गेले होते. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या ‘ड्रेस्डेन’ जहाजावरून ते नाहीसे झाले. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या मृतदेहावरील वस्तू त्यांच्या मुलाने ओळखल्या. मृत्यूचे गूढ मात्र उकलले नाही.

त्यांचे इंजिन बसगाड्यांत रुळले ते त्यांच्या पश्चात, आणि तेही स्वस्त खनिज तेलावर. वनस्पतितेल दाट असल्याने आजच्या इंजिनांसाठी त्याचे बायोडिझेल करावे लागते. त्याने काजळी घटते, पण घरघराट तसाच राहतो. शांत बससाठी विजेचीच कास धरावी लागते. शिवाय खाद्यतेल आयात करणाऱ्या आपल्या देशात ताटातले तेल टाकीत ओतणे परवडणारे नाही. म्हणूनच तळणानंतर उरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची वाट अधिक शहाणपणाची ठरते. डिझेल यांचे भाकीत खरे ठरेल, तर ते याच मर्यादेत.