औरंगजेबाचा वारसा

औरंगजेबाचा जन्म १६१८ साली दोहद येथे झाला. १६५८ मध्ये पिता शहाजहान यास बंदिवान करून व भावांचा पाडाव करून त्याने तख्त मिळविले. तो उद्योगी व राहणीने साधा, परंतु अतिशय संशयी होता. मुअज्जम या पुत्रासही त्याने कित्येक वर्षे कैदेत ठेविले. अखेरची २५ वर्षे त्याने दक्षिणेत घालविली. विजापूर व गोवळकोंडा पडले, पण मराठे हटले नाहीत. १७०७ साली अहमदनगरजवळ त्याचा अंत झाला. ४९ वर्षे राज्य करूनही वारसाची निर्विवाद व्यवस्था त्याच्या हातून झाली नाही. तत्काळ पुत्रांत युद्ध जुंपले. त्याच वर्षी जाजऊच्या रणात आझम, तर १७०९ मध्ये कामबक्ष पडला. मुअज्जम बादशहा झाला. १७१२ साली तो वारल्यावर त्याचेही पुत्र तसेच झुंजले. जेथे वारस तलवारीने ठरतो, तेथे राज्याचे बळ घरच्याच रणात खर्ची पडते.