सालिम अली, हेल्गोलँड आणि माकडताप

जर्मनीच्या किनाऱ्यापासून दूर, उत्तर समुद्रात हेल्गोलँड नावाचे तांबड्या कड्यांचे चिमुकले बेट आहे. वसंत आणि शरद ऋतूत स्थलांतर करणारे असंख्य पक्षी या बेटावरून जातात आणि थकलेले पक्षी तिथे उतरतात. १९१० मध्ये तिथे पक्षी-अभ्यास केंद्र सुरू झाले. पक्ष्यांच्या पायात क्रमांकाचे वाळे घालण्याच्या कामाचा, म्हणजेच ‘रिंगिंग’चा अनुभव डॉ. सालिम अली यांनी या केंद्रात घेतला.

सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि मामांनी त्यांना वाढवले. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने सरकारी पक्षितज्ज्ञाचे पद हुकले. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी लागली, पण शिकण्याची ओढ स्वस्थ बसू देईना. १९२८ मध्ये अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे गेले. तिथल्या मुक्कामातच हेल्गोलँड घडले.

स्थलांतराच्या दिवसांत या केंद्राचे काम पहाटेच सुरू होई. उघड्याबोडक्या बेटावर मुद्दाम वाढवलेली झुडपे आणि पाणी पाहून पक्षी उतरत. त्यांना हलकेच हुसकावत तारेच्या जाळीच्या मोठ्या नरसाळ्यात नेले जाई. नरसाळे निमुळते होत शेवटी एका पेटीपाशी संपे. मग एकेक पक्षी हातात घेऊन जात, वय आणि पंखांची लांबी यांची नोंद, पायात हलका ॲल्युमिनियमचा वाळा आणि लगेच सुटका. त्याआधी पक्षिशास्त्राची भिस्त बंदुकीवर होती. मेलेला पक्षी त्याची जात सांगतो, पण तो कुठे निघाला होता हे सांगत नाही. ते वाळा सांगतो.

१९३० मध्ये सालिम अली परतले, तेव्हा निधीअभावी नोकरी गेलेली होती. अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. वाळ्यांची विद्या मात्र पुढे सार्वजनिक आरोग्याच्या कामी आली.

१९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांनाही जीवघेणा ताप येऊ लागला. सापडलेला विषाणू रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातलग निघाला. उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांनी तो आणला असेल का, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली मोठा रिंगिंग प्रकल्प हाती घेतला. पक्षी पकडून त्यांना वाळे घातले गेले, अंगावरच्या गोचिडांचीही तपासणी झाली.

पक्ष्यांनी हा रोग आणल्याचे सिद्ध झाले नाही. हा विषाणू इथल्याच जंगलात गोचीड, लहान सस्तन प्राणी आणि माकडे यांच्यात फिरत असतो, हे संशोधनातून स्पष्ट झाले. पक्ष्यांवरचा संशय असा निवळला. प्रकल्पातून स्थलांतराचे मार्गही कळले. भरतपूरला वाळे घातलेली बदके थेट सायबेरियात सापडली.

सालिम अली १९८७ मध्ये गेले. माकडताप आता सिंधुदुर्गातही आढळतो. जंगलात जाताना अंगभर कपडे घालणे आणि परतल्यावर अंगावर गोचीड नाही ना, हे पाहणे तिथे आजही महत्त्वाचे आहे.