खारट घामाचा माग

आमच्या बुरोंडीला वैशाखात होडीवरून उतरलेल्या माणसाच्या सदऱ्यावर घाम वाळून पांढरे डाग उठतात. त्यातले मीठ समुद्राचे किती नि अंगातले किती, हे कुणी विचारीत नाही. मी कला शाखेचा विद्यार्थी, पण डॉ. डोरोथी अँडरसन यांच्याविषयी वाचल्यापासून ते मला विचारावेसे वाटते.

त्यांचा जन्म १९०१ चा, अमेरिकेतील ॲशव्हिलचा. विशीच्या आतच आईवडील गेले. १९२६ साली त्या जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाल्या. व्हायचे होते शल्यविशारद. पण बाई म्हणून ती वाट बंद झाली. १९३५ पासून त्या न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये शवविच्छेदन करू लागल्या. (त्या अन्यायातूनच पुढचे भले झाले, हा हिशेब मला पटत नाही.)

सीलिअ‍ॅक या पोटाच्या विकाराने दगावले म्हणून नोंदलेल्या एका मुलाचे स्वादुपिंड त्यांना भलतेच दिसले. त्यांनी जुनी दप्तरे उपसली, तशीच मुले शोधली आणि १९३८ साली ४९ रुग्णांच्या आधारे सिस्टिक फायब्रोसिस हा निराळा रोग असल्याचे मांडले. तोवर ही मुले दुसऱ्याच रोगाच्या नावावर जात होती.

१९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क तापले. उष्म्याने कोसळून आलेल्या मुलांत हाच रोग असलेली बरीच निघाली. अँडरसनबाईंनी एका सहकाऱ्यासह १९५१ मध्ये ते प्रसिद्ध केले. १९५३ मध्ये त्यांचेच सहकारी पॉल दि सांत'अग्नेसे यांनी या मुलांच्या घामात जादा मीठ असल्याचे दाखवले. घाम तपासून रोग ओळखता येऊ लागला.

घर्मग्रंथीच्या तळाशी पेशी खारट पाणी तयार करतात. ते नळीतून वर येताना नळीच्या पेशी त्यातले सोडियम व क्लोराइड परत शोषून घेतात. म्हणून एरवी आपला घाम बेताचाच खारट. या रोगात पेशींचे क्लोराइडचे दारच नीट चालत नाही. क्लोराइड अडले की सोडियमही मागे राहते आणि मीठ कातडीवर येते. फुप्फुसात नि स्वादुपिंडात हाच दोष स्राव घट्ट करतो. हे दार पॉल क्विंटन यांनी १९८३ साली घामाच्या नळीतच हेरले. त्याचे जनुक १९८९ मध्ये सापडले.

अँडरसनबाईंना यातले काही पाहता आले नाही. सुतारकाम करणाऱ्या, प्रयोगशाळेतल्या पसाऱ्यावरून बोल खाणाऱ्या, सतत सिगारेट ओढणाऱ्या या बाई १९६३ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने वारल्या.

आपल्याकडे हा गोऱ्यांचा रोग म्हणून फार काळ बाजूला पडला. भारतातही अशी मुले आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांना जास्तीचे मीठ द्यावे लागते.