पालीच्या शोधात देशोदेशी

धर्मानंद कोसंबी यांचे शालेय शिक्षण जेमतेमच झाले होते. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या तरुणास एका मराठी मासिकातील बुद्धचरित्राने झपाटले आणि १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले. या ज्ञानसाधनेची खरी किंमत बाळाबाईंनी मोजली, हे मान्य करावेच लागते.

काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. मूळ बौद्ध ग्रंथ मात्र पालीत! त्यासाठी १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात गेले, तेथून पुढे ब्रह्मदेशात. परतल्यावर कलकत्त्यातील अधिक वेतनाची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे दरमहा ५० रुपये स्वीकारले. राहायचे महाराष्ट्रात आणि वर्षाला एक ग्रंथ लिहायचा, एवढीच अट होती.

१९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले. हेन्री वॉरन यांच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘विसुद्धिमग्ग’चे संपादन पूर्ण करायचे होते. परंतु श्रेयाच्या प्रश्नावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन १९१२ मध्ये ते परतले. १९१८ मध्ये पुन्हा गेले, तेव्हा माणिक आणि दामोदर ही मुले बरोबर होती. माणिक म्हणजे मागे राहिलेली तीच मुलगी.

‘विसुद्धिमग्ग’ची नागरी आवृत्ती कोसंबींनी १९४० मध्ये मुंबईत प्रसिद्ध करविली. हार्वर्डची आवृत्ती निघाली १९५० मध्ये. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला होता.