शाहू महाराजांनी रोममध्ये कोलोसियम बघितलं आणि कोल्हापुरात खासबाग उभं राहिलं

कुस्ती बघायला गेल्यावर सगळ्यात मोठा वैताग कुठला? पुढचा गडी उठून उभा राहतो. मग त्याच्या मागचा उठतो, मग त्याच्या मागचा. नेमका डाव पडतो तेव्हा मागच्याला दिसतात फक्त फेटे आणि टोप्या.

या वैतागावर शंभर वर्षांपूर्वी एका राजाने पक्का इलाज केला. ते राजे म्हणजे राजर्षी शाहू महाराज.

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू झाले. २ एप्रिल १८९४ ला, विसाव्या वर्षी, कारभार त्यांच्या हातात आला. अंगापिंडाने धिप्पाड, स्वतः मातीत उतरलेले. त्यामुळे कुस्ती त्यांच्यासाठी नुसती दरबारी करमणूक कधीच नव्हती. त्यांनी तालमींना बळ दिलं, पैलवानांना खुराक दिला, उत्तरेतल्या नामांकित मल्लांना कोल्हापुरात आणलं.

पण एवढे मल्ल लढणार कुठे आणि लोक बघणार कुठून?

१९०२ मध्ये सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्याच दौऱ्यात त्यांनी रोमचं कोलोसियम पाहिलं. मधे रिंगण, भोवती चढत गेलेल्या बैठका. कुठेही बसा, रिंगण समोर. तिथे कधीकाळी माणसं एकमेकांचा जीव घेत आणि लोक टाळ्या वाजवत. महाराजांनी तो रक्तपात तिथेच सोडला आणि बैठकीची युक्ती तेवढी कोल्हापूरला आणली.

१९०७ ला काम सुरू झालं आणि १९१२ ला मैदान तयार झालं. नाव खासबाग.

आता याची रचना बघा. मैदान बशीसारखं. मध्यभागी गोल हौदा, त्याच्याभोवती मोकळी जागा आणि मग चहूबाजूंनी वर चढत गेलेली बैठक. पुढच्या माणसापेक्षा मागचा उंचावर, त्यामुळे कुणाचं डोकं कुणाच्या आड येत नाही. वर छत नाही, म्हणून मधे खांबही नाहीत. जवळपास ३० हजार माणसं बसतात आणि शेवटच्या रांगेतल्यालाही पट कुणी काढला ते दिसतं.

लढणाऱ्याचाही विचार आहे. हौद्यात लाल माती. ती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. माती मऊ राहते, उचलून आपटलं तरी अंगाला इजा कमी होते. हौदा गोल, त्यामुळे पैलवान कुठल्याही बाजूला सरकला तरी त्याला कोपऱ्यात अडकवता येत नाही.

१९१२ मध्ये इथे पहिली मोठी कुस्ती झाली ती गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्यात. पुढे कोल्हापूरला कुस्तीची पंढरी म्हणायला लागले, त्यात या मैदानाचा वाटा मोठा.

अजून एक गोष्ट. महाराज १९०२ च्या त्याच परदेश दौऱ्यावर असताना, २६ जुलैला, करवीर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या सरकारी जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. मागे राहिलेल्या माणसाला पुढचं दिसलं पाहिजे, हा विचार त्यांच्या कारभारातही होता आणि मैदानातही.

मैदान झाल्यावर शेजारीच त्यांनी पॅलेस थिएटर बांधून घेतलं, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. तिथेही प्रेक्षकाच्या नजरेआड खांब येऊ दिला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये लागलेल्या आगीत हे नाट्यगृह जळालं, खासबागच्या व्यासपीठालाही झळ बसली. सगळं कोल्हापूर हळहळलं.

६ मे १९२२ ला महाराज मुंबईत गेले, अवघ्या ४७ व्या वर्षी. कोल्हापूरला गेलात तर रंकाळा, अंबाबाई, तांबडा-पांढरा होईलच. पण एकदा खासबागच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसा आणि हौद्याकडे बघा. सगळं स्वच्छ दिसेल.